रिसेल फ्लॅट घेताय? आधी खालच्या मजल्यावरची बेल वाजवा

गेले दोन महिने माझी मामेबहीण दर रविवारी फ्लॅट बघत फिरतेय आणि संध्याकाळी मला फोटो पाठवते, हा बघ हॉल, हा ओटा, हे मॉड्युलर किचन, आणि मी दर वेळी तिला तेच विचारते, खालच्या मजल्यावर गेली होतीस का, डक्टमध्ये डोकावलीस का, गच्चीवर गेलीस का. नाही. मग फक्त रंग बघून आलीस. फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढते, कारण आम्ही हे सगळं चुकून शिकलोय आणि दुसऱ्या कुणाला ते तसं शिकायला लागू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

आम्ही पुण्यात टू बीएचके घेतला तो एप्रिलमध्ये, वीसेक वर्षांची बिल्डिंग, तिसरा मजला. भिंती पांढऱ्याशुभ्र, नुकताच रंग दिलेला, मालक म्हणाले तुमच्यासाठीच करून घेतला, आम्हाला केवढं बरं वाटलं. बेडरूममध्ये भिंतीला लागून मोठं वॉर्डरोब होतं ते ठेवून जातो म्हणाले, तेही बरं वाटलं. जुलैच्या शेवटी आईने खालच्या कप्प्यातून तिचा लग्नातला शालू काढला, मलमलच्या कापडात गुंडाळलेला होता, तर कापड हाताला गार लागलं, उघडलं तर घडीच्या रेषेवर पांढरी बुरशी आणि जर काळी पडलेली. वॉर्डरोबच्या मागचा प्लाय फुगून पापुद्रे सुटले होते, सुतार बोलावून ते भिंतीपासून ओढलं तर मागे कंबरेच्या उंचीपर्यंत लोणा लागलेला, बोट फिरवलं तर गिलावा मिठासारखा हातात येत होता. पलीकडे बाथरूम. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, त्यांच्या बाथरूमच्या छतातून दोन वर्षं ठिबकत होतं, आधीच्या मालकांशी भांडणं झाली होती, सोसायटीला तीन पत्रं दिली होती. त्या मला म्हणाल्या, अगं घर घ्यायच्या आधी एकदा खाली येऊन विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं ना. हे वाक्य मी आजपर्यंत विसरले नाहीये. आणि घरातल्या संडास-बाथरूमचं, सिंकचं लीकेज असेल तर दुरुस्ती ज्याची त्याने स्वतःच्या खर्चाने करायची असते, सोसायटीच्या उपविधींमध्येच तसं आहे, त्यामुळे दोन्ही बाथरूम तोडून आम्हीच केली.

तर पहिली गोष्ट, घर कधी बघायचं. शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये, चार दिवस सलग पाऊस लागून राहिलेला असताना. लोक दिवाळीनंतर घरं बघायला सुरुवात करतात आणि गुढीपाडव्याला टोकन देतात, म्हणजे नेमके कोरडे महिने, भिंत तेव्हा काहीच बोलत नाही. पावसाळ्यापर्यंत थांबणं जमत नसेल तर निदान तीन चकरा मारा, एक एजंटबरोबर, एक घरातल्या जाणत्या माणसाला घेऊन दिवसाउजेडी, आणि एक एकट्याने सकाळी सात-साडेसातला, पाणी येण्याच्या वेळी, तेव्हा फक्त बिल्डिंगच्या आवारात जा, वॉचमनशी बोला, आणि रात्रीचीही एक चक्कर होत असेल तर बघा म्हणजे पार्किंग आणि आवाज दोन्ही कळतं. एजंट म्हणणारच की अजून दोन पार्ट्या बघून गेल्यात, आजच टोकन द्या. देऊ नका. मी तरी देणार नाही, घर गेलं तर गेलं.

पर्समध्ये एक चांगला टॉर्च टाका, मोबाईलचा पुरत नाही, टेस्टर, मेजरिंग टेप, एक काचेची गोटी, एक रुपयाचं नाणं, मोबाईलचा चार्जर आणि एक जुना टॉवेल. कशाला ते पुढे सांगते.

फ्लॅटमध्ये शिरायच्या आधी बिल्डिंग बघा. सगळ्यात आधी पार्किंगमध्ये थांबा आणि वर बघा, कॉलम आणि बीम तिथे उघडे असतात, त्यांना कुणी पीओपी करत नाही. कॉलमच्या खालच्या भागात तांबूस डाग, सळईच्या रेषेत उभी चीर, कुठे काँक्रीटचा तुकडा सुटून सळई दिसतेय, हे गंजाचं लक्षण आहे. पाणी आत गेलं की सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की वरचं काँक्रीट ढकलून फोडते, मग अजून पाणी आत, असं ते वाढतच जातं. समुद्राजवळ खाऱ्या हवेने हे लवकर होतं म्हणून मुंबई, अलिबाग, रत्नागिरीकडे घर घेताना तर हे फारच बारकाईने बघा. नवीन सिमेंटचे ठिगळ दिसले तर विचारा कधी केलं, कुणी केलं, आधी सळई घासून गंजरोधक लावलं का नुसतंच सिमेंट थापलं. नुसतं थापलं असेल तर ते दोन-तीन पावसाळ्यांत परत फुटतं.

मग बिल्डिंगच्या मागच्या बाजूला जा आणि डक्ट बघा. डक्ट म्हणजे ती अरुंद बोळकांडी जिथून सगळ्यांचे ड्रेनेजचे पाईप खाली येतात, तिथे कबुतरं असतात, घाण असते, घर दाखवायला आलेला माणूस तिथे कधीच नेत नाही. पण बिल्डिंगची खरी तब्येत तिथेच कळते. पाईपच्या जॉइंटपाशी हिरवं-काळं शेवाळ आहे का, भिंतीवर ओलीचे ओघळ आहेत का आणि ते कुठल्या मजल्यापासून सुरू होतात ते मोजा, तुम्ही घेताय त्या मजल्याच्या वरून सुरू होत असतील तर ते पाणी तुमच्या भिंतीत येणार. आणि पिंपळ. पिंपळाचं किंवा वडाचं रोप भिंतीतून, पाईपच्या सांध्यातून वर आलं असेल तर तिथे बारा महिने ओल आहे हे नक्की समजा, ओल असल्याशिवाय ते जगत नाही, आणि त्याची मुळं आत शिरून चीर आणखी रुंद करतात. नुसतं वरून छाटलं तर परत येतं.

सगळ्यात वरचा मजला घेत असाल तर गच्चीवर जाणं आलंच, पण मी म्हणेन कुठलाही मजला असो, जाऊन या. कोबा फुटलाय का, चायना चिप्स, म्हणजे वर बसवलेले चिनीमातीचे तुकडे, उखडल्यात का, पाणी साचून वाळल्याचे गोल काळपट डाग आहेत का, पावसाचं पाणी जायच्या पाईपच्या तोंडाशी पालापाचोळा अडकलाय का. पाण्याच्या टाकीच्या बुडाशी ओल आहे का तेही बघा. गच्चीतून गळत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची असते हे खरं आहे पण सोसायटीकडे पैसे नसतील तर दोन पावसाळे बादल्या तुम्हीच लावणार ना. उलट काही ठिकाणी गच्चीवर पत्र्याची शेड टाकलेली दिसते, ती पाण्यासाठीच टाकलेली असते बहुतेक, मग विचारायचं की शेडच्या आधी काय होत होतं आणि शेडला परवानगी आहे का.

आता बेल. तुम्ही तिसरा बघताय तर दुसऱ्या मजल्यावर बरोब्बर खालच्या फ्लॅटची बेल वाजवा. लोकांना संकोच वाटतो, मला पण वाटला असता, पण अहो लाखो रुपये देताय, पाच मिनिटं बोलायला काय हरकत आहे. साधं सांगायचं, काकू नमस्कार, आम्ही वरचा फ्लॅट बघतोय, तुमच्याकडे काही ओल वगैरे येते का हो? माणसं सांगतात. दोन वर्षं ज्याचं छत ठिबकतंय तो तर आत बोलावून दाखवतो. बाथरूमचं छत बघू दिलं तर बघा, त्यांनी तिथे पीव्हीसीचं सीलिंग लावून खाली पाईप काढला असेल तर वरून गळतंय हे ओळखायचं. तसंच वरच्या मजल्यावरही जा, त्यांनी घरात काही बदल केलेत का विचारा, कारण कधी कधी वरचे लोक रिनोव्हेशनमध्ये बाथरूम सरकवतात आणि मग ते नेमकं तुमच्या किचनच्या किंवा देवघराच्या डोक्यावर येतं. आणि वॉचमन, त्याला टँकर कधीपासून कधीपर्यंत येतात, लिफ्ट किती वेळा बंद पडते, पावसात पार्किंगमध्ये पाणी येतं का हे सगळं कमिटीपेक्षा चांगलं माहीत असतं.

आत गेल्यावर पहिलं म्हणजे वास घ्या. खिडक्या बंद करायला सांगा, पंखा बंद, दोन मिनिटं शांत उभे राहा. ओलीचा वास वेगळाच असतो, जुन्या गोणपाटासारखा, कुबट. खूप अगरबत्ती किंवा रूम फ्रेशनरचा वास येत असेल तर परत एकदा न सांगता जा. मग रंग. पूर्ण घराला रंग असेल तर ठीक आहे, विकायच्या आधी लोक देतातच, पण एकाच भिंतीला नवा रंग, किंवा छताच्या एकाच कोपऱ्यात वेगळी चमक, किंवा एकाच भिंतीला वॉलपेपर, पॅनेलिंग, टाइल्स, हे का केलं ते विचारा. हाताची उलटी बाजू भिंतीला लावून बघा, ओली भिंत शेजारच्या भिंतीपेक्षा गार लागते. टॉर्च समोरून न मारता भिंतीला चिकटवून आडवा धरा म्हणजे फुगवटे, पोपडे, पुट्टीचे ठिगळ सावलीने उठून दिसतात, समोरून कधीच दिसत नाहीत.

आणि रंगारी जिथे पोचत नाही तिथे बघा. लॉफ्टच्या आतली बाजू, वॉर्डरोबचा मागचा प्लाय, सिंकच्या खालचं कपाट, बेसिनच्या मागे, एसीच्या मागची भिंत, फॉल्स सीलिंगमधली लाइटची भोकं, एक लाइट खाली ओढून आत टॉर्च मारू देतात, विचारून बघा. घर विकणाऱ्याने खोली रंगवली तरी लॉफ्ट रंगवत नाही हे मी आता डोळे झाकून सांगते.

बाथरूमला सगळ्यात जास्त वेळ द्या, निम्मा वेळ तिथेच गेला तरी चालेल. आपल्याकडच्या बऱ्याच बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा फूट-दीड फूट खाली असतो, त्या खड्ड्यात ड्रेनेजचे पाईप टाकतात, विटांच्या तुकड्यांनी वगैरे भरतात आणि वर फरशी. फरशीच्या सांध्यातून किंवा नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीच्या, कडेने पाणी आत गेलं की त्या भरावात साठत राहतं, त्याला बाहेर जायला वाटच नसते, मग ते हळूहळू खालच्यांच्या छतातून आणि बाजूच्या भिंतीतून निघतं. म्हणून आठ दिवस बाथरूम वापरलं नाही तरी गळती थांबत नाही, आणि लोक म्हणतात पाईप तर बदलला तरी कसं गळतंय. नुसतं सांधे भरून काही दिवस थांबतं, पण आतलं वॉटरप्रूफिंग गेलं असेल तर पक्कं काम म्हणजे सगळं तोडून, भराव काढून, वॉटरप्रूफिंग नव्याने करणं.

इथे एक गोष्ट नीट बघा, नवीन चकचकीत टाइल्स असतील तर त्या जुन्या फरशीवरच बसवल्यात का. बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीच्या जवळजवळ बरोबरीला आली असेल, उंबरठा बुटका झाला असेल आणि दाराचा खालचा भाग कापलेला दिसला तर फरशीवर फरशी टाकलेली आहे. दुखणं खाली तसंच. नहाणी ट्रॅपवर बादलीभर पाणी एकदम ओता, पाणी सगळीकडून ट्रॅपकडे पळतं का कोपऱ्यात थांबतं, आणि किती वेळात जातं. शेजारच्या खोलीच्या बाजूने बाथरूमची भिंत तळापासून दोन-तीन फूट हाताने चाचपून बघा, तिथे कपाट असेल तर मी काय सांगणार ते कळलंच असेल, ते सरकवून घ्या. फिक्स असेल तर खालच्या स्कर्टिंगचा एखादा तुकडा काढून आत बघू द्या म्हणा.

मालक तयार असेल तर खरी टेस्ट वेगळी आहे, ट्रॅपमध्ये तो जुना टॉवेल घट्ट कोंबायचा, दोन इंच पाणी भरायचं, टेपने उंची मोजून भिंतीवर पेन्सिलने खूण करायची आणि चोवीस तास ठेवायचं, मग खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं. पाणी खुणेच्या बरंच खाली गेलं किंवा खाली ओल उमटली तर उत्तर मिळालं. लोक राहत असताना एक बाथरूम दिवसभर बंद ठेवणं त्यांना अवघड जातं हे मान्य, पण टोकनच्या आधी विचारून बघा, व्यवहार पक्का होत आलाय दिसलं की बरेच जण हो म्हणतात.

ओल कुठून येते हेही ओळखता येतं थोडंफार. बाहेरच्या भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यात, छज्जाच्या खाली असेल आणि फक्त पावसाळ्यात तर बाहेरच्या चिरांमधून. बारा महिने असेल तर पाईप किंवा बाथरूम. तळमजल्यावर भिंतीच्या खालून वर चढत दोन-तीन फुटांवर आडवा पट्टा दिसत असेल तर जमिनीतली ओल, आणि ही सगळ्यात चिवट, रंगाने तर अजिबात जात नाही.

भेगांचं लोकांना फार टेन्शन येतं किंवा अजिबातच येत नाही. केसासारख्या बारीक, जाळीसारख्या रेषा प्लास्टरच्या असतात, त्याने काही होत नाही. बीम आणि भिंत मिळते तिथली सरळ आडवी रेष बहुतेक वेळा दोन वेगळ्या मटेरियलच्या जोडाची असते, जाळी न मारता प्लास्टर केलं की ती येतेच. पण खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्याने पायऱ्यापायऱ्यांसारखी जाणारी, किंवा जिच्यात ते रुपयाचं नाणं शिरतं अशी भेग, आणि त्याच जागी वर-खालच्या मजल्यावरही असेल, दरवाजे घासत असतील, गोटी ठेवली की एकाच बाजूला जोरात पळत असेल, तर पाया खचतोय का हे बघायला लागेल. कॉलम-बीमवरची कुठलीही भेग आपण ठरवायची नाही. महापालिकेचं लायसन असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि तो एकदा हातोडी मारून सांगतो ते आपल्याला वर्षभर राहून कळत नाही.

लाकडी चौकटी खालून ठोका, पोकळ आवाज येतो का, मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसल्या तर वाळवी, चौकटीखाली पिवळसर पिठासारखी पूड पडलेली असेल तर लाकूड पोखरणारा किडा, उपाय दोघांचे वेगळे. फरशीवर चालताना एखादी टाइल पोकळ वाजली तर चालतं, पूर्ण खोली वाजत असेल तर नाही. स्लाइडिंग खिडक्यांच्या ट्रॅकमध्ये पाणी बाहेर जायला भोकं असतात ती बुजलेली असली की पावसाचं पाणी आत सांडतं, ती साफ करता येतात, घाबरायचं कारण नाही.

पाणी बघताना सगळे नळ, शॉवर एकदम चालू करा आणि मग फ्लश दाबा, प्रेशर कुठे पडतं बघा. सकाळी पहिलं पाणी तांबूस येत असेल तर आतले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाईप गंजलेत, ते सगळे बदलायला भिंती फोडाव्या लागतात. नळांवर, शॉवरवर पांढरा जाड थर म्हणजे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय का वेगळा गोळा करतात हे विचारा, पुण्यात वाघोली, हडपसर, बाणेर कुठेही विचारा, हा प्रश्न आधी विचारायचा असतो.

लाइटचं म्हणाल तर डीबी, म्हणजे घरातल्या ब्रेकरचा मुख्य बॉक्स, उघडायला सांगा, आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, आहे का, त्यावर टेस्ट लिहिलेलं बटण असतं ते दाबलं की ट्रिप व्हायलाच पाहिजे, नाही झालं तर ते शोभेला लावलेलं आहे. प्रत्येक सॉकेटमध्ये चार्जर लावून बघा. तीन पिनच्या सॉकेटमध्ये समोरून बघितलं तर उजव्या भोकात टेस्टरचा दिवा लागला पाहिजे, डाव्या आणि वरच्या मोठ्या भोकात नाही. वरच्या मोठ्या भोकात लागला तर लगेच थांबा, तिथे हात लावू नका. लागला नाही म्हणजे अर्थिंग चांगलंच आहे असं मात्र नाही, ते इलेक्ट्रिशियन नीट तपासून सांगतो. लहान मुलं आहेत घरात तर यात कंटाळा करू नका. जुन्या बिल्डिंगमध्ये ॲल्युमिनियमच्या वायरी असतात, त्यावर दोन एसी आणि गीझर चालवायचे तर वायरिंग नव्याने करावं लागतं, तो खर्च आधीच धरा. विजेचं शेवटचं बिल मागा, त्यावर मंजूर भार लिहिलेला असतो आणि थकबाकी पण दिसते.

आता बाल्कनी. पुण्या-मुंबईत अर्ध्या घरांमध्ये बाल्कनी आत घेतलेली असते, ड्राय बाल्कनी किचनमध्ये, हॉल मोठा दिसतो, छान वाटतं. मंजूर नकाशाची कॉपी मागा आणि टेप लावून ताडून बघा. आतली एखादी भिंत काढलेली असेल तर ती साधी विटेची होती का आणखी काही, आणि वर बीम आहे का. परवानगीशिवाय केलेलं बांधकाम महापालिकेने पाडायला सांगितलं तर ते तुम्हाला सांगणार, आधीच्या मालकाला नाही. पार्किंगचंही असंच आहे, एजंट म्हणतो कव्हर्ड पार्किंग वेगळं विकत मिळेल, पण सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की बिल्डरला स्टिल्ट, म्हणजे बिल्डिंगखालचं खांबांमधलं, पार्किंग फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, ती सोसायटीची सामाईक जागा आहे. त्यामुळे सोसायटीने त्या फ्लॅटला पार्किंग दिल्याचं पत्र आहे का ते बघायचं, तोंडी काही धरायचं नाही.

कागदांमधले दोष भिंतीतल्या ओलीसारखेच असतात, वरून काही दिसत नाही. टायटलचा, म्हणजे मालकी हक्काचा, ३० वर्षांचा सर्च वकिलाकडूनच करून घ्या, त्यात पैसे वाचवू नका, पण काही गोष्टी स्वतः बघता येतात. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीखताचा गोषवारा, शोधता येतो, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड ऑनलाइन निघतं, त्यात जमीन सोसायटीच्या नावावर आहे का अजून जुन्या मालकाच्या किंवा बिल्डरच्या, म्हणजे कन्व्हेयन्स झालंय का ते कळतं. झालं नसेल तर पुढे रिडेव्हलपमेंटच्या वेळी रखडतं, मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर देत नसला तरी सरकारकडून जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायचा, मार्ग असतो पण वेळ जातो. भोगवटापत्र, म्हणजे बिल्डिंगमध्ये राहायला महापालिकेने दिलेली परवानगी, नसलेलं घर मी तरी घेणार नाही, कितीही स्वस्त असो.

सोसायटीकडून फक्त एनओसी घेऊन येऊ नका. गेल्या दोन-तीन वर्षांच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त वाचायला मागा, ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, आणि त्या वहीत सगळं लिहिलेलं असतं, कुणाच्या घरात गळतंय, कुणी कुणावर केस केली, लिफ्ट बदलायला प्रत्येकी किती काढायचेत, बाहेरून प्लास्टर करायचं ठरलंय का. घर घेतल्यावर चार महिन्यांत दीड-दोन लाख कॉन्ट्रिब्युशन मागितलं तर ते तुम्ही देणार, आणि विकणारा ते माहीत असूनच विकतोय असंही असतं. बिल्डिंग १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० च्या वर असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असं उपविधींमध्ये आहे, तो रिपोर्ट मागा. मुंबईत महापालिका बिल्डिंगची सी-१, सी-२, सी-३ अशी वर्गवारी करते, सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. रिपोर्टच नाही म्हणाले तर तेच उत्तर समजा. जाता जाता, महापालिका हद्दीत सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करायची रक्कम, जास्तीत जास्त २५ हजार घेता येतो, त्याहून जास्त डोनेशन म्हणून मागत असतील तर लेखी मागा.

बिल्डिंग नवीन असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रोजेक्ट नंबर टाकून तक्रारी बघा. आणि हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं, पझेशनपासून पाच वर्षांच्या आत स्ट्रक्चरमधला किंवा कामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, रेरा कायद्याचं कलम १४ आहे, आणि मूळ ग्राहकाकडून तुम्ही फ्लॅट विकत घेतला तरी तुम्ही त्यात येता. म्हणून पहिल्या पझेशनची तारीख मालकाकडून लेखी घ्या, पाच वर्षं व्हायला सहा महिने राहिले असतील तर आत गेल्या गेल्या पत्र द्यायचं.

नदी-नाल्याजवळ असेल तर पूररेषा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांत एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंग, तळमजले पाण्याखाली गेले, माणसांना बोटीतून बाहेर काढलं, तेही चांगली राहती वस्ती आहे. सांगली, कोल्हापूर, चिपळूणला तर लोक स्वतःच सांगतील २०१९ ला, २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं, भिंतीवर खुणा असतात. पार्किंगच्या भिंतीवर सगळीकडे एकाच उंचीवर मातकट रेष दिसते का बघा, मीटरचे बोर्ड नंतर वर उचलून लावलेत का तेही.

एवढं सगळं बघून शंभर टक्के निर्दोष जुनं घर मिळणार नाही, मिळत नसतं. बाथरूमची गळती, वायरिंग, वाळवी, पाईप हे पैशाने सुटतं, त्याचा अंदाज दोन कंत्राटदारांकडून लेखी घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा, किंवा मालकाने आधी करून द्यावं आणि खालच्यांनी ठीक झाल्याचं सांगावं असं करारात लिहून घ्या. कॉलम-बीम गेलेले, पाया खचतोय, भोगवटापत्र नाही, जमिनीवर कोर्टात केस चालू आहे, पुराची जागा, इथे मी किंमत कमी करून मागत बसणार नाही, सरळ बाहेर पडेन.

आणि व्यवहार ठरला तरी एक चक्कर राहते. मालकांचं सामान हललं, घर रिकामं झालं की शेवटचा चेक द्यायच्या आधी परत जा, ही अट टोकनच्या वेळीच घाला. टॉर्च घेऊन जा, आधी जिथे सोफा होता, फ्रिज होता, कपाटं होती त्या मोकळ्या भिंती बघा, बाथरूमच्या पलीकडची भिंत सगळ्यात आधी. फोटो काढा, तारखेसकट. वॉर्डरोब ठेवून जातो म्हणाले तर म्हणा ठेवा, पण एकदा भिंतीपासून हातभर पुढे ओढून द्या.